नोंद आधी, पान नंतर
संगणकीय दप्तरातील व्यवहार-नोंदवही आणि ‘चेकपॉइंट’ यांचा परिचय

छत्रपती संभाजीनगरहून अजिंठ्याकडे जाणाऱ्या मार्गावर फुलंब्री हे तालुक्याचे गाव लागते. जिल्ह्याच्या नऊ तालुक्यांपैकी हा एक. वडोद बाजार, आळंद, गणोरी अशा गावांतील शेतकरी वारसनोंदीसाठी, वाटणीसाठी किंवा कर्जाचा बोजा चढविण्या-उतरविण्यासाठी महसूल दप्तराकडे वळतो, तेव्हा त्याचा प्रश्न एकच असतो : “माझी नोंद झाली का?” पूर्वी या प्रश्नाचे उत्तर वहीच्या पानावर शाईने लिहिलेले दिसत असे. आज ती नोंद संगणकात होते. तेथे नोंद झाली म्हणजे नेमके काय झाले, आणि त्याच क्षणी वीज गेली तर त्या नोंदीचे काय होते, हे मात्र पडद्याकडे पाहून समजत नाही.

संगणकीय माहितीसंग्रहाच्या पोटात या प्रश्नाचे उत्तर देणारी एक शिस्तबद्ध व्यवस्था असते. तिचे दोन आधार आहेत. एक म्हणजे व्यवहार-नोंदवही, म्हणजे तंत्रज्ञांच्या भाषेत ‘लॉग’. दुसरा म्हणजे नोंदवही आणि मूळ पाने यांचा ठराविक काळाने घातला जाणारा मेळ, म्हणजे ‘चेकपॉइंट’. हा मेळ आपोआप पडत असतो, परंतु प्रसंगी तो आज्ञा देऊन, म्हणजे सक्तीने, पाडता येतो. तो केव्हा पाडावा, त्याने काय साधते आणि काय साधत नाही, याची माहिती अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांना असणे अगत्याचे आहे. प्रस्तुत लेखाचा हेतू तोच आहे.

रोजकीर्द आणि खतावणी

ही कल्पना आपल्याला मुळीच नवीन नाही. व्यापाऱ्याच्या पेढीत रोजकीर्द आणि खतावणी अशा दोन वह्या असतात. व्यवहार घडताच तो रोजकीर्दीत, घडला त्या क्रमाने, एकाखाली एक लिहिला जातो. नंतर सवडीने त्याची खतावणी होते, म्हणजे ज्याच्या त्याच्या खात्यावर रक्कम चढविली जाते. रोजकीर्द भराभर लिहिता येते, कारण पुढची ओळ लिहिण्यास पान शोधावे लागत नाही. खतावणीस वेळ लागतो, कारण प्रत्येक खात्याचे पान निराळे. खतावणी अपुरी राहिली तरी रोजकीर्दीवरून ती पुन्हा करता येते. रोजकीर्दच लिहिली नसेल, तर मात्र उपाय नाही.

महसुली दप्तरातही हाच क्रम आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५० प्रमाणे हक्कातील बदल प्रथम फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना सहामध्ये, लिहिला जातो. हितसंबंधितांना नोटीस दिली जाते, चावडीवर प्रत लावली जाते, आणि हरकत नसेल तर नोंद प्रमाणित होते. त्यानंतर सात-बारावर तिचा अंमल दिला जातो. हस्तलिखित दप्तराच्या काळी प्रलंबित फेरफाराची खूण सात-बारावर पेन्सिलीने केली जाई. नोंद प्रमाणित झाली की ती शाईने पक्की होई, नामंजूर झाली की पुसली जाई. पक्क्या नोंदीशेजारी फेरफाराचा क्रमांक वर्तुळात लिहिण्याची पद्धत होती. हे वर्तुळ पाहून हे पान कोणत्या फेरफारापर्यंत अद्ययावत आहे, ते जाणकारास तत्काळ कळत असे. पेन्सिल, शाई आणि वर्तुळातील क्रमांक या तिन्ही गोष्टी वाचकांनी ध्यानात ठेवाव्यात. संगणकात त्या तिन्ही जशाच्या तशा भेटतात.

संगणकात नोंद कोठे होते

आय.बी.एम. कंपनीतील संशोधक एडगर कॉड यांनी १९७० साली एका शोधनिबंधात अशी मांडणी केली की, माहिती साध्या तक्त्यांच्या रूपाने ठेवावी आणि तक्त्यांचा परस्पर संबंध त्यांतील समान मूल्यांवरून जोडावा. गट क्रमांकाचा एक तक्ता, खातेदारांचा दुसरा, पिकांचा तिसरा, अशी ही रचना. तीस ‘रिलेशनल डेटाबेस’ हे नाव पडले. आज बँका, रेल्वे आरक्षण, शिधावाटप अशा बहुतेक मोठ्या दप्तरांचा पाया हीच रचना आहे.

हे तक्ते कायमस्वरूपी डिस्कवर असतात. डिस्कवरील पान वाचणे-लिहिणे हे संगणकाच्या मानाने संथ काम होय. म्हणून लागणारे पान प्रथम तात्पुरत्या स्मृतीत आणले जाते आणि बदल तेथेच केला जातो. ही स्मृती वेगवान खरी, परंतु वीज गेली की ती कोरी होते. तेव्हा बदललेले पण अद्याप डिस्कवर न उतरलेले पान हे फळ्यावरच्या खडूच्या अक्षरासारखे असते.

यावर उपाय म्हणून एक नियम कसोशीने पाळला जातो. कोणतेही बदललेले पान डिस्कवर जाण्यापूर्वी त्या बदलाची नोंद लॉगमध्ये डिस्कवर गेलीच पाहिजे, आणि ‘व्यवहार पूर्ण’ असे उत्तर वापरणाऱ्यास देण्यापूर्वी त्या व्यवहाराच्या सर्व नोंदी लॉगमध्ये पोहोचल्याच पाहिजेत. नोंद आधी, पान नंतर. पडद्यावर ‘नोंद यशस्वी’ असे उमटते, तेव्हा सात-बाराचे पान कदाचित अजून स्मृतीतच असेल. परंतु रोजकीर्द लिहून झालेली असते. शेतकऱ्याचा हक्क सुरक्षित असतो तो या रोजकीर्दीमुळे.

एक उदाहरण

समजा, गट क्रमांक ११२ मध्ये २ हेक्टर ४० आर क्षेत्र आहे आणि दोन भावांत ते निम्मे-निम्मे वाटले गेले. आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. संगणकास दोन पाने बदलावी लागतात. थोरल्याच्या पानावर २.४० चे १.२० करावयाचे, आणि धाकट्याच्या नावे १.२० चे नवे पान तयार करावयाचे. पहिले काम झाले आणि दुसरे होण्यापूर्वी वीज गेली, तर १ हेक्टर २० आर जमीन दप्तरातून नाहीशी होईल. शेत जागच्या जागी असेल, परंतु कागदावर त्याला मालक नसेल. बँकेच्या दारात त्या धाकट्या भावाची काय अवस्था होईल, ते सांगावयास नको.

आता लॉगकडे पाहू. प्रत्येक नोंदीस चढता क्रमांक असतो. ५०१ : वाटणीचा व्यवहार सुरू. ५०२ : गट ११२, क्षेत्र २.४० होते, १.२० केले. ५०३ : धाकट्याच्या नावे नवे पान, १.२०. ५०४ : वाटणीचा व्यवहार पूर्ण. ५०५ : दुसऱ्या गावातील बोजानोंदीचा व्यवहार सुरू. ५०६ : गट ८७, इतर हक्कात बोजा दाखल. याच क्षणी वीज गेली.

पुन्हा संगणक सुरू होतो तेव्हा डिस्कवर विसंगत चित्र असू शकते. गट ११२ च्या पानावर जुनेच २.४० असेल, कारण नवे पान उतरलेच नव्हते. उलट गट ८७ चे पान मधल्या काळात उतरले असेल, आणि त्यावर अपुऱ्या व्यवहाराचा बोजा दिसत असेल. येथे वर्तुळातील क्रमांक कामास येतो. प्रत्येक पानावर, त्यावर अंमल दिलेल्या शेवटच्या लॉग-नोंदीचा क्रमांक असतो. गट ११२ च्या पानावरील क्रमांक ५०२ पेक्षा लहान, म्हणून ती नोंद पुन्हा अमलात आणली जाते. ५०३ चेही तसेच. गट ८७ च्या पानावर ५०६ हाच क्रमांक आहे, म्हणून तो बदल पुन्हा करण्याचे कारण नाही. यानंतर संगणक पाहतो की बोजाच्या व्यवहारास ‘पूर्ण’ अशी नोंद लाभलेली नाही. मग पेन्सिलीचे अक्षर पुसावे तसा तो बदल मागे घेतला जातो. पूर्ण झालेले काम टिकते आणि अपुरे काम निघून जाते. वाटणीतील दोन्ही भावांचे क्षेत्र जेथल्या तेथे असते. बोजानोंद मात्र पुन्हा करावी लागते, कारण तिच्या कर्त्यास ‘यशस्वी’ हे उत्तर मिळालेलेच नव्हते.

या शास्त्राची पायाभरणी १९७० च्या दशकात आय.बी.एम. मधील जिम ग्रे आणि त्यांचे सहकारी यांनी केली. त्याला आजचे परिपक्व रूप देणारी ‘एरीस’ ही पद्धती १९९२ साली प्रसिद्ध झाली. तिचे प्रमुख लेखक सी. मोहन हे मद्रासच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे विद्यार्थी, ही आपल्या दृष्टीने अभिमानाची बाब होय.

चेकपॉइंटचे प्रयोजन

आता प्रश्न असा की, वीज गेल्यानंतर संगणकाने लॉग कोठून वाचावयास घ्यावा? अगदी पहिल्या नोंदीपासून वाचू लागल्यास दप्तर उघडण्यास तासन् तास लागतील. शिवाय तो लॉग कायम सांभाळावा लागेल आणि डिस्क भरून जाईल.

यासाठी ठराविक अंतराने मेळ घातला जातो. स्मृतीतील बदललेली पाने डिस्कवर उतरविली जातात आणि लॉगमध्ये खूण केली जाते, की अमुक क्रमांकापर्यंतच्या बदलांचा अंमल पानांवर झालेला आहे. ही खूण म्हणजे चेकपॉइंट. पुढे अपघात झाल्यास अंमल देण्याचे काम या खुणेपासूनच सुरू होते, आणि त्यामागील लॉगची जागा, अन्य काही कारणाने ती राखणे आवश्यक नसेल तर, पुन्हा वापरता येते. पूर्वीच्या काही पद्धतींत मेळ होईपर्यंत सर्व काम थांबवावे लागे. आता काम चालू असतानाच मेळ घातला जातो.

याचे वेळापत्रक प्रत्येक प्रणालीत निराळे आहे. पोस्टग्रेएसक्यूएल या मुक्त प्रणालीत, काही बदल केला नसल्यास, ५ मिनिटांनी चेकपॉइंट होतो. लॉग ठराविक आकारमानाजवळ पोहोचल्यास तो त्याआधीही होतो. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर प्रणालीत २०१६ च्या आवृत्तीपासून नव्या माहितीसंग्रहासाठी ६० सेकंदांचे उद्दिष्ट ठेवलेले असते. अपघातानंतर पूर्ववत होण्यास किती वेळ लागावा, याचा तो अंदाज होय.

सक्तीने चेकपॉइंट केव्हा पाडावा

या तिन्ही प्रमुख प्रणालींत, म्हणजे पोस्टग्रेएसक्यूएल, एसक्यूएल सर्व्हर आणि ओरॅकल यांत, व्यवस्थापकास एका आज्ञेने तत्काळ चेकपॉइंट पाडता येतो. पहिल्या दोन प्रणालींत ‘चेकपॉइंट’ हा एकच शब्द पुरतो. ओरॅकलमध्ये त्याआधी ‘ऑल्टर सिस्टिम’ असे लिहावे लागते. आज्ञा लहान असली तरी तिचा उपयोग जाणून करावयाचा असतो.

नियोजित कारणासाठी संगणक बंद करावयाचा असेल, तर त्यापूर्वी ही आज्ञा उपयोगी पडते. बहुतेक पाने आधीच उतरलेली असल्याने बंद होण्याचा वेळ वाचतो. मुख्य संगणकाचे काम दुसऱ्या संगणकाकडे सोपविण्यापूर्वी तिचा असाच उपयोग होतो. एखाद्या तालुक्याच्या जुन्या नोंदी एकगठ्ठा भरून झाल्यावर, कामाची गर्दी नसताना, मेळ घालून घेणे हिताचे असते. ओरॅकलमध्ये लॉगचा एखादा संच काढून टाकावयाचा असेल आणि त्यातील बदल पानांवर उतरणे बाकी असेल, तर प्रथम चेकपॉइंट पाडावा लागतो.

भर गर्दीच्या वेळी मात्र ही आज्ञा देऊ नये. आपोआप होणारा चेकपॉइंट आपले काम मिळालेल्या अवधीत पसरवून करतो, जेणेकरून इतरांचे काम अडू नये. सक्तीचा चेकपॉइंट पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये हे पथ्य पाळत नाही. तो सारी पाने शक्य तितक्या वेगाने डिस्कवर लोटतो. खरिपाच्या तोंडावर सात-बारासाठी रांग लागली असता सकाळी ११ वाजता ही आज्ञा दिली, तर रांगेतील प्रत्येकाचा पडदा रेंगाळेल. वारंवार चेकपॉइंट पाडण्याचा आणखी एक तोटा आहे. या प्रणालीत चेकपॉइंटनंतर एखाद्या पानात प्रथमच बदल झाला, की सुरक्षिततेसाठी ते संपूर्ण पान लॉगमध्ये लिहिले जाते. म्हणजे लॉग आटोक्यात ठेवण्यासाठी सारखे चेकपॉइंट पाडणाऱ्याचा लॉग उलट अधिकच वाढू शकतो.

चार गैरसमज

पहिला गैरसमज असा की, चेकपॉइंट झाला नाही म्हणजे नोंद कच्ची राहिली. तसे नाही. व्यवहार पूर्ण झाल्याची नोंद लॉगमध्ये डिस्कवर पोहोचली, की ती पक्की. चेकपॉइंटमुळे पुनरारंभाचा वेळ कमी होतो. नोंदीचा पक्केपणा त्यावर अवलंबून नाही.

दुसरा गैरसमज असा की, लॉगने डिस्क भरली तर चेकपॉइंट पाडला की जागा मोकळी होते. पुष्कळदा आज्ञा देऊनही जागा सुटत नाही, आणि मग यंत्रास दोष दिला जातो. कारण बहुधा निराळे असते. एखादा व्यवहार सुरू होऊन सकाळपासून तसाच उघडा राहिला असेल, तर एसक्यूएल सर्व्हरमध्ये त्याच्या आरंभापासूनचा लॉग राखावाच लागतो. तो बदल उद्या मागे घ्यावा लागला, तर कशावरून घेणार? त्याच प्रणालीत संपूर्ण पुनर्प्राप्तीची पद्धत निवडलेली असेल, तर लॉगची स्वतंत्र प्रत काढल्याखेरीज जागा मोकळी होत नाही. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये मागे पडलेल्या दुय्यम संगणकासाठी लॉग राखून ठेवलेला असू शकतो. तेव्हा लॉग कशासाठी अडला आहे, हे आधी शोधावे. लॉगच्या फाइली हाताने पुसण्याचा मार्ग तर कदापि पत्करू नये. ती रोजकीर्द फाडल्यासारखी गोष्ट आहे. त्याने संपूर्ण माहितीसंग्रह उघडेनासा होऊ शकतो.

तिसरा गैरसमज असा की, चेकपॉइंट म्हणजे सुरक्षित प्रत. चेकपॉइंटमुळे पाने डिस्कवर उतरतात, पण त्याच डिस्कवर. ती डिस्क जळाली किंवा कार्यालयात पाणी शिरले, तर चेकपॉइंटचा उपयोग नाही. त्यासाठी दुसऱ्या ठिकाणी ठेवलेली प्रत हवी, आणि त्या प्रतीवरून दप्तर खरोखर उभे राहते की नाही, हे अधूनमधून करून पाहिले पाहिजे.

चौथा गैरसमज आपल्या उपमेतूनच उद्भवू शकतो. फेरफार नोंदवही जतन करावयाची असते. कोणत्या वर्षी कोणाचे नाव कशामुळे लागले, याचा तो पुरावा आहे. संगणकाचा लॉग मात्र काम झाल्यावर पुन्हा वापरला जाणारा कच्चा आधार आहे. संगणकातील फेरफार नोंदवही हा स्वतःच एक तक्ता असून लॉग त्याच्याही खाली राहून त्याचे रक्षण करतो. इतिहास तक्त्यात राहतो.

आपल्या दप्तराचा प्रवास

मराठवाड्यातील जमीनधारकास दप्तराच्या स्थित्यंतरांचा अनुभव मोठा आहे. निजामी राजवटीतील कागद, १९५४-५५ चे खासरा पाहणी पत्रक आणि पुढे सात-बारा, अशा निरनिराळ्या नमुन्यांतून येथील शेतजमिनीच्या नोंदी पुढे आल्या. जुन्या हक्काचा वाद निघाला की आजही खासरा पत्रकाची नक्कल शोधली जाते. देशात भूमि-अभिलेखांच्या संगणकीकरणाचा प्रायोगिक कार्यक्रम १९८८-८९ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाला. त्यांत महाराष्ट्रातील वर्धा जिल्हा होता. २००८ पासून राष्ट्रीय भूमि-अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम आला. १ मे २०१८ पासून राज्यात डिजिटल स्वाक्षरी असलेला सात-बारा मिळू लागला. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीद्वारे शेतकरी आपल्या पिकाची नोंद स्वतः करू लागला. दप्तरात लिहिणारे हात असे वाढत गेले आहेत. एकाच वेळी हजारो हात लिहीत असताना कोणाचेही काम अर्धवट राहून दुसऱ्याचे क्षेत्र बिघडू नये, ही जबाबदारी आता लॉग आणि चेकपॉइंट यांच्यावर आहे.

शाळेत आणि पंचायतीत

शिक्षकांना हा विषय वर्गात एका तासात दाखविता येईल. फळा म्हणजे स्मृती, एक वही म्हणजे लॉग, दुसरी वही म्हणजे मूळ पाने. एका विद्यार्थ्याने व्यवहार सांगावा, दुसऱ्याने तो आधी पहिल्या वहीत क्रमांक घालून लिहावा, तिसऱ्याने फळ्यावरील खात्यात बदल करावा. मधेच एकदा फळ्यावरील सारी खाती क्रमांकासह दुसऱ्या वहीत उतरवून पहिल्या वहीत रेघ मारावी. हा झाला चेकपॉइंट. आणखी चार व्यवहार झाल्यावर अचानक फळा पुसून टाकावा. दुसरी वही आणि रेघेखालील नोंदी यांवरून विद्यार्थी सर्व खाती पुन्हा उभी करतील. मग हाच खेळ रेघ न मारता खेळावा. किती अधिक नोंदी वाचाव्या लागतात, ते त्यांचे त्यांनाच उमगेल.

पंचायत सदस्य आणि कार्यालयप्रमुख यांनी स्वतः आज्ञा द्यावयाची नसते. ते काम प्रशिक्षित व्यवस्थापकाचे आहे. परंतु माहितीसंग्रह कार्यालयात असो की राज्याच्या केंद्रात, काही प्रश्न विचारण्याचा त्यांना अधिकार आहे. मागील वेळी यंत्रणा अचानक बंद पडली, तेव्हा ती पूर्ववत होण्यास किती वेळ लागला? लॉगसाठी जागा किती आहे आणि ती भरत आल्यास कोणास सूचना मिळते? सुरक्षित प्रत कोठे आहे आणि तिच्यावरून दप्तर उभे करून शेवटचे केव्हा पाहिले? देखभालीसाठी यंत्रणा बंद ठेवण्याची वेळ नागरिकांना आधी कळविली जाते काय? आणि वीज गेली त्या वेळी ज्यांच्या पडद्यावर ‘यशस्वी’ असे उमटले नव्हते, त्यांना पुन्हा नोंद करण्यास सांगितले गेले काय?

यातील शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. यंत्रणा अपुरा व्यवहार निमूटपणे मागे घेते. तो मागे घेतला गेल्याचे शेतकऱ्यास सांगण्याचे काम यंत्र करीत नाही, ते माणसासच करावे लागते. म्हणून नोंद करणाऱ्याने यशस्वी झाल्याचा संदेश पाहिल्याखेरीज समोरील माणसास “झाले” असे सांगू नये, आणि खातेदारानेही नोंदीचा क्रमांक मागून घ्यावा. वहीच्या काळी वर्तुळातील क्रमांक पाहून माणूस निश्चिंत होत असे. आजही त्याने तो क्रमांक पाहूनच घरी परतावे.